मामांचं वेगळं म्हणणं

आमच्या पोशीरच्या मामांशी सहमत होणं अख्ख्या कर्जत तालुक्यात कुणाला जमलं नाही, कारण समोरचा 'बरोबर आहे' म्हणाला की मामांना आपल्याच मताचा संशय यायचा. चहा गोड झालाय असं कुणी म्हटलं की त्यांना तो अगोड लागे. गावाने भाताची लावणी सुरू केली की ते अजून थांबायला हवं म्हणत, आणि गाव थांबलं की स्वतः चिखलात उतरत. शेजाऱ्याशी त्यांचा शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षं वाद होता. शेवटी शेजारी कंटाळला आणि चारचौघांत म्हणाला, बांध तुमचाच, घ्या एकदाचा. मामा दचकले. "माझं म्हननं जरा येगळं हाय," ते म्हणाले, "तुझा आजा तिथं गवत कापायचा, मी सोता पायलाय." बांध हातचा गेला, मामी कितीतरी दिवस बोलली नाही, आणि मामा मात्र वादाच्या दोन्ही बाजू आपणच मांडल्याच्या आनंदात शीळ घालत हिंडत होते.

त्यामुळे मी अकरावी पास झाले आणि साजगावच्या कारखान्यातल्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा बाबांनी मामांना बोलावलं ते निव्वळ आईचा भाऊ म्हणून. त्यांचं मत विचारायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. मला पुढे शिकून शिक्षिका व्हायचं होतं, पण ते आईलाही सांगायची छाती नव्हती. सगळी भिस्त मामांच्या उलट्या खोपडीवर ठेवून मी दाराआड उभी होते. मुलगा निर्व्यसनी, नोकरी पक्की. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबा हसत म्हणाले, मेव्हण्यांचं उलटं म्हणणं ऐकल्यासारखंच आहे, आता सुपारी फोडू.

"माझं म्हननं येगळं नाय, दाजी. पोरगा चांगला हाय," मामा म्हणाले. मी आत जायला वळले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "पन तिचं काय म्हननं हाय? ये गं भायेर. बोल."

मी रडत रडतच बोलले. निम्मं कुणाला कळलंही नसेल, पण सुपारी तशीच राहिली. बाबा रात्रभर धुमसले आणि सकाळी म्हणाले, शिक काय शिकायचं ते.

मामा निघाले तेव्हा मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. तो मुलगा तुम्हाला खरंच पसंत होता का, असं मी विचारलं.

"व्हता की. मला तर अजूनबी वाटतं, तू चुकतेस."

एवढं बोलून ते शेतातल्या वाटेने चालायलाही लागले.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझी बाजू घेणारी माणसं मला पुढे पुष्कळ भेटली, पण त्यांना माझं म्हणणं पटलेलं असायचं. न पटताही माझ्यासाठी बैठक थांबवणारे मामा एकच.