बसून काढलेले फोटो

आमच्या इमारतीचा जिना पुसणाऱ्या मावशींच्या गळ्यात एक दिवस कॅमेरा दिसला.

"काय मावशी, लग्नाची ऑर्डर मिळाली का?"

"आरोग्य केंद्रातल्या पोरीनं दिलाय. जिथं जिथं श्वास कोंडतो, तिथला फोटो काढायचा म्हणे. मी विचारलं, फोटोत वास येतो का गं?"

वीस वर्षं मावशी चार मजले पुसतायत. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं दूध उतू गेलं, पायरीवरून ओळखतात. आता मध्येच फडकं ठेवायच्या, हात पदराला पुसायच्या आणि क्लिक! कशाचा फोटो, ते मात्र सांगायच्या नाहीत. मला राहवेना. त्यात माझ्या लेकीचा खोकला दोन महिने हटत नव्हता. पडदे धुतले, गादी बदलली, दोन डॉक्टर झाले.

पंधरा दिवसांनी मावशी फोटो घेऊन दारात आल्या. सगळे जमिनीलगतचे.

"ती पोरगी म्हणाली, उभं राहून काढायचे ना! म्हटलं, मी बसून पुसते, बाई. मला दिसतं ते बसूनच."

एक फोटो त्यांनी वेगळा ठेवला होता. पहिल्या मजल्याचं वळण. तळमजल्यावरच्या लॉन्ड्रीच्या भट्टीचा धुराचा पाइप गुडघ्याएवढ्या उंचीवर भिंतीतून बाहेर आलेला, भोवती काजळी. शेजारच्या पायरीवर दोन निळे बूट, एकाची नाडी सुटलेली.

माझ्या लेकीचे. शाळा सुटल्यावर मी कामावरून येईपर्यंत ती तासभर तिथंच बसते. "तिथं छान ऊब असते," असं ती म्हणाली होती, आणि मला बरं वाटलं होतं!

"केंद्रात भिंतीवर लावणार आहेत," मावशी म्हणाल्या. "तोंड घेतलं नाही, पण बूट तुमच्या पोरीचे. तुम्ही नको म्हणालात तर फाडते."

चार लोक म्हणतील, ही कसली आई. मी फोटो मावशींच्या हातात परत दिला.

"लावा, मावशी."

"लावते. आधी त्या लॉन्ड्रीवाल्याला दाखवू."

तो हसला. "दिवसातून दहादा जातो मी तिथून. मला कधी त्रास नाही झाला."

"उभ्यानं जातोस. बस की जरा पोरीच्या जागी."

बसला. मिनिटभरात डोळे चोळत, खोकत उठला.

पाइप वर न्यायला मिस्त्री उद्या येतोय. लेक आजपासून इमारतीमागच्या मावशींच्या खोलीत बसते. आज सहाच वेळा खोकली. ती झोपल्यावर मी स्वयंपाकघरात फरशीवर बसले; म्हटलं, बघू तरी, इथून काय काय दिसतं.