कसा वास येऊन राहिला, सांगा बरं!

माधवी तायडे एका जागी शांत बसलेली कोणी पाहिली असेल, तर त्यानं पुढं यावं. नांदगाव खंडेश्वरात तरी असा माणूस सापडायचा नाही. वर्गात ती खुर्चीला टेकत नाही, स्टाफरूममध्ये चहा उभ्यानं पिते, आणि अमरावतीहून शाळेला येताना एसटीत दर थांब्याला पर्स उघडून प्रयोगशाळेची किल्ली आहे ना, ते चाचपते. घरून निघताना तर रोजचा तमाशा. गॅसचं बटन एकदा पाहायचं, चपला घालून पुन्हा पाहायचं, आणि नवऱ्यानं गाडीला किक मारली की "थांबा जरासे" म्हणून परत जिना चढायचा. ललित बिचारा गाडी बंद करून उभा राहतो. त्याला कारण माहीत आहे, आणि जगात त्याच्या एकट्यालाच माहीत आहे, अशी माधवीची समजूत होती.

कारण असं, की माधवीला वास येत नाही. जरासुद्धा नाही. कोरोनात पुष्कळांचं नाक गेलं, तसं तिचंही गेलं. त्यांचं परत आलं, तिचं आलं नाही. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. बाईनं रोज सकाळी लवंग हुंगली, लिंबू हुंगलं, हिंगाची डबी हुंगली. काही नाही.

आता साध्या बाईचं नाक गेलं, तर भाजी करपते, दूध उतू जातं, सासू चार शब्द सुनावते. पण ही पडली विज्ञानाची मॅडम! आठवीच्या पोरांना पदार्थाचे गुणधर्म शिकवायचे म्हणजे रंग, वास, अवस्था, पाण्यात विरघळतो की नाही. दुसऱ्याच नंबरावर वास बसलेला. वरून प्रयोगशाळेत कोणत्या बाटलीचं बूच सैल राहिलं, गॅस कुठं गळतो, हे सगळ्यांच्या आधी नाकालाच कळतं.

मग सांगून का टाकत नव्हती, असं तुम्ही म्हणाल. तर त्याला कारण मुख्याध्यापक बोंडे सर. माणूस वाईट नाही हो, पण भारी भित्रा. माधवी या शाळेत आली तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि आत पोषण आहाराच्या तांदळाचे कट्टे रचलेले होते. "एखादं पोरगं भाजलं तं उत्तर कोन देईन, मॅडम?" हे सरांचं पालुपद. माधवीनं त्यांच्या मागं भुंगा लावला, कट्टे हलवून घेतले, बेसिन घासलं, भिंतीवर ठळक अक्षरांत नियम लिहिले. चष्मा लावा. केस बांधा. काही चाखू नका. बाटलीला नाक लावू नका. बाटली दूर धरून हातानं हवा नाकाकडं सारा. एवढं केल्यावर किल्ली मिळाली. आता नाकाचं कळलं, की सर किल्ली मागणार आणि तांदूळ पुन्हा आत! या एका धास्तीनं तिचा जीव सदा टांगणीला लागलेला.

मग तिनं शक्कल काढली. बाटली पोरांपुढं धरायची आणि म्हणायचं, "मी नाही सांगनार. कसा वास येऊन राहिला, तुमीच सांगा बरं!" पोरं चेकाळली. सगळ्यांत पुढं आरती गावंडे, शेतकऱ्याची पोरगी, नाक असं तिखट की विचारू नका. अमोनियाला म्हणाली, "सकाळी सकाळी म्हशीच्या कोठ्यात शिरलं का येते ना, तसा." व्हिनेगरला म्हणाली, "लोणचं बिघडल्यावानी." माधवी "शाब्बास!" म्हणायची आणि तिच्या उत्तरावर पुढचा धडा चालवायची. दारातून डोकावणाऱ्या बोंडे सरांना वाटलं, वा, मॅडम पोरांना स्वतः शोधायला लावतात! त्यांनी ही गोष्ट चारचौघांत सांगितली, आणि पाहता पाहता अकोल्याहून बोलावणं आलं. शिक्षकांच्या शिबिरात नमुन्याचा पाठ घ्या, चार विद्यार्थी सोबत आणा.

आधीच्या संध्याकाळी ललित म्हणाला, "सांगून टाक ना आता. काहून जीव जाळून राहिली?"

"सांगू? अन् मंग कट्टे परत आत येतीन, ते उचलाले तुमी येसान का?" असं म्हणून ती पुन्हा गॅसचं बटन पाहायला गेली. भाजी करपली होती. तिला कळलं नाही. ललित मुकाट्यानं जेवला.

अकोल्यात ऊन मी म्हणत होतं. सभागृहात शिक्षक खच्चून बसलेले, पहिल्या रांगेत शिबिराचे प्रमुख आणि सोबत आलेले बोंडे सर, डोक्यावर पंखे गरगरत होते आणि बाजूला भला मोठा कूलर घोंघावत होता. टेबलावर तीन बाटल्या. तिन्हींत पाण्यासारखंच काही. एकीत पाणी, एकीत व्हिनेगर, एकीत पातळ केलेला अमोनिया. बोलायला लागली की माधवी खुलते. रंगावरून ओळखू येतं का? नाही. पाण्यात टाकून? तिन्ही मिसळतात. मग? "आरती, ये बेटा. कसा वास येऊन राहिला, सांग बरं!"

आरतीनं अमोनियाची बाटली उचलून दूर धरली आणि नियमाप्रमाणं हातानं हवा सारली. काही बोलली नाही. पुन्हा सारली. कूलरचा झोत असा, की वास नाकापर्यंत यायच्या आधीच खिडकीतून पसार होत होता. नाक असलेली कोणतीही मॅडम म्हणाली असती, अरे, तो कूलर बंद करा आधी. माधवीला काय कळणार! तिला वाटलं, पोरगी इतकी माणसं पाहून बुजली.

"सांग ना बेटा. घाबरू नको. सांग लवकर!"

आरतीनं एकदा मॅडमकडं पाहिलं आणि बाटली सरळ नाकाला लावून जोरात श्वास ओढला.

पुढचं फार भराभर झालं. पोरीचा श्वासच अडकला, डोळ्यांतून धारा लागल्या, खोकून खोकून ती खाली बसली. बाटली माधवीनं वरच्या वर धरली, बूच लावलं, पोरीला उचलून बाहेर वऱ्हांड्यात मोकळ्या हवेत नेलं, नळाखाली डोळे धुतले. हे सगळं तिनं चोख केलं. थोड्या वेळानं खोकला थांबला. "बरं वाटते, मॅडम," आरती म्हणाली, तेव्हा कुठं माधवीचा स्वतःचा श्वास सुटला.

तोवर शिबिराचे प्रमुख आणि बोंडे सर मागं येऊन ठेपले होते. सरांचा चेहरा पांढराफटक. ते घाईघाईनं म्हणाले, "पोरीचीच चूक हाये, साहेब. बाटलीले नाक लावू नका, हे आमी भिंतीवर लिहून ठेवलं हाये. नाही का, मॅडम?"

केवढी सोय होती! नुसतं "हो" म्हणायचं. किल्ली पर्समध्ये राहिली असती, तांदूळ गोदामात राहिला असता, आणि बोलणी एका पोरीनं खाल्ली असती. ती पोरगी नळापाशी मान खाली घालून उभी होती, आपलीच चूक झाली म्हणून. माधवीला स्वतःची इतकी शरम आजवर कधी वाटली नव्हती.

"पोरीची चूक नाही, सर," ती म्हणाली. "तिच्यापर्यंत वास पोचतच नव्हता, अन् मी सांग सांग करत होती. मले कळलं नाही. मले वासच येत नाही. कोरोनापासून."

प्रमुखांनी मान हलवली आणि ते आत गेले. पाठ तिथंच आटोपला.

परतीच्या एसटीत बोंडे सरांनी हात पुढं केला. माधवीनं पर्स उघडली, किल्ली काढली, दिली. मग मागं आरतीच्या शेजारी जाऊन बसली.

"दुखते का अजून?"

"नाही, मॅडम." पोरगी जरा घुटमळली. "आमाले ठाऊक होतं. तुमाले वास येत नाही ते."

"कसं?"

"तुमचा डबा उघडला का साऱ्या वर्गात जळक्या भाजीचा वास सुटते. अन् तुमी तशीच खाता. म्हनून मी पयले हात वर करो. कोनी चुकीचं सांगतलं तं तुमी फससान ना."

माधवीला हुंदका आवरेना. एवढ्या दिवसांची भीती त्या एका हुंदक्यात बाहेर आली. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "मंग सांगतलं काहून नाही, बाई?"

"तुमी एवढे प्रश्न इचारता, मॅडम. हे इचारलंच नाही."

सोमवारी माधवी शाळेत पोचली ती मान खाली घालून. वाटलं, दारात कट्टे असतील. पण दार सताड उघडं, आणि आत बोंडे सर एकटेच, नाक वर करून कोपऱ्याकोपऱ्यात हुंगत फिरत होते. गॅसच्या नळीपाशी वाकले, बाटल्यांच्या कपाटापाशी थांबले. मग किल्ली टेबलावर ठेवून, तिच्याकडं न पाहता म्हणाले, "सध्या तं काही वास नाही, मॅडम. घ्या तास. तुमच्या तासाले मी आधी येऊन पाहून जाईन." आणि गेले निघून. भित्र्या माणसाचाही उपयोग असतो, तो असा.

माधवी घरचं बटन अजून पुन्हा पुन्हा पाहते; ती खोड काही जायची नाही. पण त्या दिवशी ती वर्गापुढं खुर्ची ओढून बसली, आणि बसल्यावर तिला भिंत दिसली. नियमांच्या खाली खडूनं एक नवा नियम लिहिलेला होता, अक्षर आरतीचं. वास येत नसेल तर 'येत नाही' असं सांगा. आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरात: मॅडमनं सुद्धा.