भरल्या जीपखाली

चितेगावच्या रस्त्याला बन्सीचं गॅरेज. गाड्यांच्या पोटाखाली उताणं पडूनच त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. तोंडानं फटकळ, पर हातातलं काम सोडून पळणारा नव्हं.

संध्याच्या जीपनं मात्र त्याला जेरीस आणलं होतं. संध्या स्वतः ती चालवत पुंडलिकनगरातून बाया भरून कंपनीत न्यायची. म्हाताऱ्या केसरबाईला पाय उचलंना, म्हणून बन्सीनंच चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांतली दोन पानं काढून जीप खाली बसवली. चढणं सोपं झालं, पर पन्नासच्या वर गेली की बुडाखालचा पत्रा थरथरायचा. इंजिनाकडनं मागच्या चाकांकडं फिरणारा शाफ्ट नेमका त्याच पत्र्याखाली. तो तुटून डांबरात रुतला तर जीप कोलांटी घेणार.

शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस बदलून झाले, लेथवर शाफ्टचा तोल बघून झाला. जॅकवर चढवून कोन मोजले, तर गिअरबॉक्सचं तोंड आन् मागच्या चाकांच्या धुरीचं तोंड समांतर, पायजे तसंच. तरी थरथर तशीच.

आज दुपारपाळीला जाताना ती इतकी वाढली की संध्यानं भरली जीपच दारात आणली.

"मामा, आजचं आज बघा. कंपनीवाल्यांनी दुसरी गाडी सांगून ठेवलीय. पाळी चुकली की माझं काम गेलं."

बाया उतरायला लागल्या तसा बन्सी खेकसला, "बसा तशाच!"

आत्ता त्याच्या ध्यानात आलं: जॅकवर चाकं लोंबतात, पाटे ढिले पडतात. थरथरती ती भरली गाडी, आन् तो मोजत बसला लोंबती!

चाकांखाली ओंडके सारून जीप वर घेतली. बन्सी आत सरकला. छातीवर वीतभर जागा. हातात कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला नट.

वरनं केसरबाई म्हणाली, "आमाला जोखायला बसवलं का रं, कापसावाणी?"

"हालू नको, आत्या. खाली माझी छाती हाय."

"शिंक आली तं?"

"गिळ."

कोणीतरी मांडी बदलली. ओंडका करकरला, जीप बोटभर खाली आली.

"मामा, निघा भाईर!" संध्या किंचाळली.

बन्सी निघाला नाय. दोरा थांबूस्तोवर त्यानं श्वास धरला. मागच्या धुरीचं तोंड वर उचललेलं! चार बायांचं वजन काय करतं ते दिसलं.

बायांना उतरवून त्यानं धुरीचं तोंड खाली झुकवायला पाट्याखाली लोखंडी पाचर बसवली.

"आता बघायचं तेबी भरूनच. भ्या वाटतं तिनं खाली थांबावं."

एकबी थांबली नाय. बन्सी शाफ्टवरच्या पत्र्यावर तळहात टेकून बसला. चाळीस. पन्नास. पत्रा गप. साठ. बाया हसाय लागल्या.

"थांबव."

"आता काय झालं?" संध्या रडकुंडीला आली. "पाळी भरंल की!"

"उतरा समद्या."

शिव्या खात तो भर रस्त्यात खाली शिरला. पाचर दाबून बसली होती, तिला आवळणारा नट ढिला पडलेला. पान्याला तो अर्धा आटा फिरला.

"बसा आता," तो म्हणाला, आन् कंपनीचं फाटक येईस्तोवर त्याच पत्र्यावर बसून राह्यला.