चारी सारखे

मामांना विडीचं व्यसन नव्हतं, आणि घरी शेगडीला लायटर होता. तरीही त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम आगपेटी असायची. ती कशासाठी, हे पाहायला संध्याकाळी शाळा सुटताना आमच्या फाटकाशी उभं राहावं लागे. मामा गाडीच्या चाकाजवळ उकिडवे बसायचे, आगपेटीतली एक काडी टायरच्या खाचेत उभी धरायचे आणि जिथवर ती बुडाली तिथं नखानं खूण करायचे. मग तीच काडी दुसऱ्या चाकात, तिसऱ्यात, चौथ्यात. दप्तरं सावरत पोरी भोवती जमलेल्या असायच्या.

उठता उठता मामा विचारायचे, "चारी सारखे?"

"सारखे!" पोरी ओरडायच्या.

"मंग चला."

मी त्याच शाळेत शिकवते आणि मामांच्याच गल्लीत राहते, त्यामुळे हे रोजचं नाटक मी वर्षानुवर्षं पाहिलं. एकदा न राहवून म्हटलं, "मामा, रबर आहे ते. एका दिवसात झिजून झिजून किती झिजणार?"

"माणूस तरी एका दिवसात कुठं म्हातारा होतो, बाई?" असं म्हणून त्यांनी काडी आगपेटीत परत ठेवली.

मामा निवृत्त एसटी ड्रायव्हर. सेनगाव सोडून साखऱ्याकडे गेलं की पुढे आत एक तांडा आहे. तिथली शाळा सातवीला संपते. पुढे शिकायचं तर सेनगावला यायचं, आणि मधे काळ्या मातीचा रस्ता आणि एक ओढा. चिखल झाला की साध्या जीपगाड्या तिथे रुतून बसतात. मग बाप म्हणायचे, पोरीची जात, कशाला एवढी तकलीफ. मामा एसटीत असताना साखऱ्याच्या फाट्यावर या पोरींना चिखलाने भरलेल्या चपला हातात घेऊन उभ्या राहिलेलं बघत आले होते. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, मामा हिंगोलीला गेले आणि चारी चाकांना जोर असलेली एक जुनी गाडी घेऊन आले. एरवीच्या गाडीत दोन चाकं राबतात आणि उरलेली दोन नुसती सोबत फिरतात, आमच्या स्टाफरूममध्ये असतं तसंच. या गाडीत चारीही राबायची. चिखल असो, ओढा असो, ती निघून यायची.

पहिल्याच वर्षी दगडाने एक टायर फाटला. भंगारवाल्याकडे मिळाला तो थोडा मोठा होता. सगळ्यांनी सांगितलं, बोटभर फरकाने काय होतंय. मामांनीही तेच मानलं. आठवडा-दोन आठवडे गाडी नीट धावली, मग पोटातून घरघर यायला लागली, जळका वास सुटला आणि एक दिवस पुढची-मागची चाकं जोडणारा मधला गिअरचा डबा जळून गेला. दसऱ्याला उभी राहिलेली गाडी संक्रांतीला सुरू झाली. तेवढ्यात तीन पोरींची शाळा सुटली होती आणि त्यातल्या एकीला हळद लागली होती.

"म्या गेलतो लग्नाला," मामा मला म्हणाले होते. "पानावर बसलो, पर घास उतरंना. बोटभर टायरापायी गेली ती पोरगी."

आगपेटी खिशात आली ती तेव्हापासून. टायर बदलायची वेळ आली की मामा हिंगोलीच्या दुकानात जाऊन ठाण मांडायचे. त्याच मापाचा, तेवढाच झिजलेला टायर मिळेपर्यंत उठायचं नाही. दुकानदार वैतागून म्हणायचा, "मामा, टायर बघून राहिलात का नवरी?"

"नवरी उंच-ठेंगणी चालती. टायर न्हाई चालत."

आता परसरामची गोष्ट सांगते. परसराम तांड्यावरचा शेतकरी, घरचा ट्रॅक्टरवाला, आणि पायलचा बाप. पायल तेव्हा नववीत माझ्या वर्गात होती आणि मामांच्या गाडीतली सर्वांत बोलकी पोर होती. दिवाळीच्या सुट्टीत मामा लेकीकडे हिंगोलीला गेले तेव्हा सावली म्हणून गाडी परसरामच्या अंगणात ठेवून गेले. परसरामच्या मनात आलं, हा माणूस आपल्या लेकरासाठी एवढं करून राहिलाय, आपणही काहीतरी करावं. मागचे टायर जुने दिसत होते. आणि शेतकऱ्याला चिखलातून जाणारं वाहन एकच ठाऊक असतं. ट्रॅक्टर. त्याची मागची चाकं मोठी, पुढची लहान, आणि तो कुठे अडत नाही. परसरामने पदरचे पैसे घालून मागे दोन नवेकोरे, चांगले हातभर मोठे दिसतील असे टायर बसवून घेतले आणि वर झेंडूच्या माळा घातल्या.

मामा परत आले तेव्हा गाडी शेपूट वर करून उभी होती आणि अख्खा तांडा त्यांचं तोंड बघायला जमला होता. मामांनी काडी काढायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

"काढा हे," ते म्हणाले.

जगात शब्द कमी आहेत अशा थाटात बोलायची मामांची ही खोड मला कधीच आवडली नाही. दोन गोड वाक्यं आधी बोलायला काय जात होतं? परसरामचा चेहरा पडला. माणूस प्रेमाने द्यायला गेला आणि चारचौघांत परत घ्यायची पाळी आली. तो म्हणाला, "आमचे टायर नको, तर आमची लेक बी नका बसवू तुमच्या गाडीत."

मामांनी जुने टायर स्वतः चढवले आणि गाडी घेऊन निघून आले. सुट्टीनंतर शाळा भरली. गाडीतून सगळ्या उतरल्या, पायल उतरली नाही.

त्या संध्याकाळी फाटकाशी मामा म्हणाले, "बाई, तुमी चला. तुमाला बोलता येतं."

मी गेले. परसरामच्या अंगणात उभी राहून मुलींच्या शिक्षणावर चांगलं भाषण केलं. परसराम म्हशीला वैरण घालत राहिला आणि म्हैस वैरण खात राहिली. पायल दाराआडून बघत होती आणि तिचे डोळे रडून सुजले होते. माझं बोलणं संपल्यावर मामांनी अंगणातली बाज ओढली आणि तिच्यावर मांडी घालून बसले.

"परसराम, मला उचल. पुढं तू न् तुझा साडू. मागं तुझे दोघं भाऊ. वढ्यापस्तोर न्या."

परसराम ठेंगणा, साडू त्याच्याहून ठेंगणा, आणि भाऊ दोघेही ताडमाड. शेजारपाजारचे जमले, बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आता माघार घ्यायची तर लाज, म्हणून चौघांनी बाज खांद्यावर घेतली. मागचे दोघे लांब ढांगा टाकायला लागले. पुढच्या दोघांना तेवढ्याच वाटेला जास्त पावलं टाकावी लागत होती. मागून रेटा बसला की ते धडपडायचे, सावरायला थांबले की मागचे अडखळायचे. बाज करकरत होती आणि मामा वरून शांतपणे सांगत होते, "थांबायचं न्हाई. गाडी थांबत न्हाई." ओढ्याच्या अलीकडेच बाजेचा एक पाय सांध्यातून निखळला आणि मामा धप्पकन मातीत आले.

मामा बसल्या जागेवरूनच म्हणाले, "हा झाला माझा गिअरचा डबा. तुमी चौघं आपापल्या जागी बराबर, चूक कोनाचीच न्हाई. पर मोडली ती मधली बाज."

परसराम खांदा चोळत बाजेच्या निखळलेल्या पायाजवळ वाकला. मग त्याने खरा प्रश्न विचारला. "मंग ट्रॅक्टर कसा चालतो?"

"त्याच्या पोटात तसेच दाते घालून देतेत. लहान चाक जास्त फिरंल, मोठं कमी, हा हिशेब आधीच केलेला असतो. माझ्या गाडीच्या पोटात तो न्हाई." आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी आणखी दोन वाक्यं जोडली. "तुझे टायर वाईट न्हाईत, परसराम. गाडी बंद पडली की एकेक पोरगी घरी बसती, मला त्याचं भ्या हाय."

परसरामने मामांना हात देऊन उठवलं. दुसऱ्या दिवशी दोघे मिळून हिंगोलीला गेले आणि दोन मोठ्या नव्या टायरांच्या बदल्यात चार वापरलेले पण सारखे टायर घेऊन आले. पायल तिसऱ्या दिवशी गाडीत होती, आणि बाजेची गोष्ट तिनेच शाळाभर केली.

पुढे मामांचे गुडघे गेले, मग नजर. पायल कॉलेजला गेली तेव्हा मामांनी तिला गाडी शिकवली. स्टिअरिंगला हात लावू देण्याआधी तिला महिनाभर फक्त काडी धरायला लावली, असं ती सांगते. लायसन्स मिळाल्यापासून तांड्याची फेरी तीच करते. मामा शेजारी बसून खड्डे सांगायचे, ते न दिसताही बरोबर सांगायचे.

गेल्या हिवाळ्यात मामा पहाटे झोपेतच गेले. सकाळी मी शाळेच्या फाटकाशी पोचले तर गाडी आलेली. पोरी उतरत होत्या, डोळे पुसत.

"आज कशाला आणलीस गं?" मी पायलला विचारलं.

"गाडी थांबत न्हाई, बाई," ती म्हणाली.

आम्ही प्रार्थना झाल्यावर शाळा सोडली आणि सगळ्या मुली गल्लीत आल्या. तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा पायल आणि तिघीजणी पुढे झाल्या. कुणीतरी म्हातारा पुटपुटला, पोरी खांदा देत नसतात. परसराम त्याच्याकडे नुसतं बघत राहिला, तेवढ्यावर तो म्हातारा बाजूला सरकला. पोरींनी तिरडी खांद्यावर घेतली, पण पायल उंच आणि मागची एक अगदीच बुटकी. चार पावलांत तिरडी एका अंगाला कलली.

"थांबा," पायल म्हणाली. "खाली ठेवा."

लोकांना वाटलं, झाली हौस. पायलने पोरींना पाठीला पाठ लावून उभं केलं, एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून बघितलं आणि चौघी निवडल्या. स्वतःला तिने वगळलं. मग ती तिरडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. तिने विचारलं.

"चारी सारखे?"

"सारखे," सगळ्या म्हणाल्या. मीही म्हणाले.

"मंग चला."

स्मशानापर्यंत तिरडी पुन्हा कलली नाही. पायल पुढे चालत होती आणि वाटेतले खड्डे मागच्यांना सांगत होती.