उन्हात घातलेली तबकडी

आर्वीच्या बाजारात परवा बांगडीवाली निखाऱ्यावर लाख तापवत होती. तो गोडसर, करपट वास नाकात शिरला आणि मी छप्पन सालच्या उन्हाळ्यात, आमच्या सासरच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

त्या वर्षी वर्ध्याला मी एका गायिकेची मैफल ऐकली होती. तिच्याच भैरवीची ग्रामोफोनची तबकडी बाबांनी मला नागपूरहून आणून दिली. वर्षभरात माझ्या मनात भरलेली तेवढी एकच. शेजारचे बळवंतभाऊजी ती दोन दिवसांसाठी घेऊन गेले. फोनोची सुई दर तबकडीला बदलायची असते. हा चिक्कू माणूस एका सुईवर महिना काढायचा. तबकडी परत आली तेव्हा त्या बाईच्या गळ्यातून नुसती खरखर निघत होती.

"वयनी, तुमची तबकडीच खराब होती. मी काय करू?" असं म्हणून ते वर हसलेही.

पंधरा दिवसांनी त्यांची सर्वांत लाडकी तबकडी मागून आणली आणि भर दुपारी खाटेवर, कुरडयांच्या शेजारी वाळत घातली. लाखेचीच ती, तासाभरात वळली. हाच वास मंद सुटला होता.

"हे काय करून ठेवलं वो माह्या तबकडीले?" भाऊजी रडकुंडीला आले.

"मी काय करू, भाऊजी? तुमची तबकडीच वाकडी होती."

रागाच्या भरात केलं, असं तेव्हा वाटायचं. आज आठवतं, कुरडईसारखी ती मध्ये एकदा मी उलटवलीही होती.

वाईट एवढंच वाटतं, की उन्हात घालण्याआधी ती एकदा ऐकायची राहून गेली.