गुणाचं लेकरू
ओव्याच्या धुरीचा वास आला की मला वडवणीजवळच्या वस्तीवरची ती बाळंतिणीची खोली आठवते. मी नवीन नर्स होते, घरभेटीला गेले होते. घर नुकतंच ऊसतोडीवरून परतलेलं, दाराला गोधडी लावलेली, आत धूर आणि उकाडा. आजी कौतुकानं म्हणाली, "लई गुणाचं हाय बाई, कालपासून रडलंच न्हाई. दुधासाठीबी तरास न्हाई." मी झबलं वर केलं. त्या उकाड्यातही बाळाचे पाय गार होते आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. तळपायाला टिचकी मारली, पुन्हा मारली. त्यानं नुसते ओठ हलवले. "निजू द्या की त्याला," आजी म्हणाली. मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, बाळाला आईच्या छातीशी बांधलं आणि बीडपर्यंत त्याच्या पोटाची हालचाल बघत बसले. अर्ध्या वाटेत आजी सुनेला हळूच म्हणाली, "बघ, गाडीतबी रडलं न्हाई." ते दवाखान्याच्या दारात रडलं नाही, नंतरही नाही. आता वॉर्डात लेकरं एकदम रडायला लागली की नव्या मुली वैतागतात. मी मात्र गप्प असलेल्या लेकराकडे आधी जाते.