बॉनेटवर तापलेल्या गाठी

एसटीनं मागवलेला थर्माकोलचा डबा हातात घेतला तर गरम लागला. परभणीच्या बसस्टँडवर उभ्याउभ्याच मी झाकण उघडलं. बर्फाचं पाणी झालेलं, तेही कढत.

आत पालमच्या शेतांतल्या तुरीच्या मुळांवरच्या गाठी होत्या. या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन पिकाला पुरवतात. हेच जिवाणू बियाण्याला चोळून पेरता येतात, पण तापलेल्या मातीत ते मरतात. उन्हाला टिकणारा एखादा शोधायचा, हे माझं काम.

"डबा कुठं ठेवला होता?" मी कंडक्टर सुनंदाताईंना विचारलं.

"शिटाखाली पाणी सांडलं व्हतं मॅडम. भिजंल म्हणून डायव्हरशेजारच्या इंजिनाच्या बॉनेटवर ठिवला. गंगाखेडच्या पुढं रस्त्याचं काम चालू हाय, गाडी लय येळ उभीच व्हती."

त्यांनी काळजीनंच केलं होतं. मी डबा उचलून लॅबकडे निघाले.

लॅबमध्ये आमच्या प्रोजेक्टच्या प्रमुख सरांनी डब्यात डोकावलं. "शिजलंय सगळं. फेका."

"सर, तूर फुलावर आलीय. आता गाठी सुकतील, पुन्हा मिळणार नाहीत."

"मग पुढच्या हंगामात. प्रोजेक्ट टिकला तर."

फेकायला हात होईना. गाठी धुतल्या, चिरडल्या, रस प्लेटवर पसरला. प्लेट म्हणजे काचेची बशी, आत जेलीसारखं अन्न. जिवाणू जिवंत असले की त्यावर ठिपके उमटतात. प्लेटा उबेसाठी इनक्युबेटरमध्ये ठेवल्या आणि मी सारखी त्याचं दार उघडून बघायची. सगळ्या प्लेटा कोऱ्या. शेवटी एकीवर पांढरे ठिपके दिसले.

"कंटॅमिनेशन," सर म्हणाले. म्हणजे बाहेरून शिरलेला भलताच जिवाणू.

शक्य होतं. म्हणून निर्जंतुक वाळूत तूर लावली आणि तिला हेच जिवाणू दिले. काही आठवड्यांनी रोपं उपटली. मुळांवर गाठी धरल्या होत्या, म्हणजे जिवाणू गाठींतलाच होता.

आता सर येरझाऱ्या घालायला लागले. "पण यानं तापमान किती सोसलं?"

मी थर्मामीटर घेऊन सुनंदाताईंच्या गाडीत बसले आणि तसाच डबा बॉनेटवर ठेवून तो त्यात खोचला.

"इंजिनाला ताप आलाय का, बाई?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

आकडा बघून माझा विश्वास बसेना. लॅबमध्ये आम्ही एवढं कधी तापवतच नव्हतो. जिवाणू मरणारच, असं धरून चाललो होतो.

दुसऱ्या लॅबनंही तपासलं, तेच निघालं. उष्णतेतून वाचण्याची या जिवाणूची पद्धत आधी कुणी पाहिलेली नव्हती. आता तिच्यावर परदेशातही काम चाललंय. आमच्या शोधनिबंधात, आभारांत, मी सुनंदाताईंचं नाव घातलं आणि ते पान त्यांना दाखवायला स्टँडवर गेले.

"काय लिवलंय यात?"

"तुमच्यामुळं शोध लागला, असं."

"मी काय केलं वं? डबा भिजू नाई एवढंच बघितलं." पान नीट घडी करून त्यांनी बॅगेत ठेवलं आणि गाडीची बेल मारली.

आता विद्यार्थ्यानं खराब नमुना आणला की मी लगेच फेकू देत नाही. तो खराब कसा झाला, ते आधी विचारते.